आधी ऊब, मग पाणी

पाठीचा कणा वर आलेला, कातडीला सुरकुत्या पडलेला, जुनी कात अंगाला चिकटलेला बॉल पायथन तपासणीच्या टेबलावर येतो, तेव्हा पालकाला एकच गोष्ट दिसते: भूक. आपल्यापैकी अनेकांनाही तीच दिसते आणि पहिल्याच भेटीत उंदीर भरवण्याचा किंवा नळीने पातळ खाद्य पोटात सोडण्याचा मोह होतो. आमचे म्हणणे असे, की हेळसांड झालेल्या सापाच्या उपचारात अन्नाचा क्रम शेवटचा आहे.

सापाचे पचन, प्रतिकारशक्ती आणि औषधाचा शरीरातला प्रवास हे सारे बाहेरच्या उष्णतेवर चालते. पश्चिम आफ्रिकेतल्या या अजगराला पेटीच्या एका बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७ अंश लागतात. एसी खोलीतल्या काचपेटीत हे मिळत नाही. गार सापाला कातडीखाली दिलेले सलाइनही नीट शोषले जात नाही. गोफर सापांना २५ आणि ३७ अंशांत ठेवून ॲमिकासिन देण्याचा प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान बदलले तसे औषधाचे वितरण आणि उत्सर्जनही बदलले. तोंड सडले म्हणून हेच औषध गार आणि कोरड्या पडलेल्या सापाला टोचणे म्हणजे मूत्रपिंडाशी जुगार. पाणी आधी का, हे इथेच कळते.

अन्नाची गोष्ट याहून अवघड. दोन शिकारींच्या मधल्या काळात अजगर आपले आतडे जणू मिटवून ठेवतो. बर्मी अजगरावरच्या अभ्यासांत मोठी शिकार गिळल्यावर प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढलेला, आतड्याचे वजन जवळजवळ दुप्पट झालेले दिसले. २००५ मधील एका अभ्यासात तर दोन दिवसांत हृदयाच्या जवनिकेचे वजन ४० टक्क्यांनी वाढले. हा सारा खर्च आधी करावा लागतो, पोषण नंतर हाती येते. खंगलेल्या सापाकडे ते भांडवलच नसते. शिवाय ऊब नसेल तर शिकार पोटातच कुजते, उलटून पडते आणि उरलेसुरले पाणी व क्षार घेऊन जाते. एकदम भरपूर खाद्य दिल्यास फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन रक्तातली पातळी कोसळण्याचा धोका असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत तो माणसांनी पाहिला आहे.

‘पण तोवर साप उपाशी मरेल,’ हा आक्षेप हमखास येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांनी १६८ दिवसांचा उपवास काढला आणि काहींनी चयापचय ७२ टक्क्यांनी घटवला. मात्र ते साप उपवासाच्या सुरुवातीला धडधाकट होते. माइटनी रक्त शोषलेल्या, फुप्फुसाला संसर्ग झालेल्या सापाला तोच आकडा लावून महिनोन्‌महिने थांबणे चूकच. आम्ही थांबा म्हणतो ते काही दिवस: डोळे खोल गेलेले भरून येईपर्यंत, तोंडातली चिकट तार सुटेपर्यंत, साप जीभ लपलपवत फिरू लागेपर्यंत. मग गरजेच्या छोट्या हिश्शापासून पातळ खाद्य, आणि ते पचते आहे असे दिसल्यावर नेहमीपेक्षा लहान उंदीर. वजन ग्रॅममध्ये, दर वेळी त्याच काट्यावर.

दुसरा आक्षेप कायद्याचा. पेटीतला साप भारतीय अजगर निघाला तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला आहे. तातडीचा उपचार करून वनखात्याला कळवावेच लागते. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या परिशिष्टांतल्या जातींची नोंदणी आवश्यक ठरली आहे. नोंदणी नसल्याच्या भीतीने अनेक पालक उशिरा येतात. नोंदणी करावी लागेल हे पालकाला स्पष्ट सांगावे, पण कागद येईपर्यंत उपचार अडवू नयेत. आणि सापाला घरी सोडण्याआधी त्या काचपेटीतल्या थर्मोस्टॅटचा आणि दोन्ही टोकांच्या तापमापकांचा फोटो मागावा. ते नसतील तर साप दवाखान्यातच राहू द्यावा.