पहारेकऱ्यांचा घात

आमच्या धंतोलीत दर दुसऱ्या दारावर डॉक्टरांची पाटी. त्यामुळे रोगराईविषयी मराठीच्या मास्तराला कोण विचारणार? पण सहामाही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भंडाऱ्याकडचा एक ढीवर विद्यार्थी दारात उभा राहिला. "सर, उद्या पेपरला बसत नाही. तळ्यातले मासे मरून राहिले. बाबा एकटेच आहेत."

रोहूच्या अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेले, डोळे बाहेर आलेले. तळे ठेक्याचे, बियाणे उधारीचे. तो मासा म्हणजे पोराची फी!

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे त्याला नेले. ते म्हणाले, "हा बहुधा एरोमोनास. हा जंतू तळ्यात एरवीही असतोच. दाटी झाली, पाण्यातला प्राणवायू घटला, की उचल खातो."

"पण माशाच्या अंगात प्रतिकार नसतो का?" मी विचारले.

"असतो ना! जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. १८८२ साली मेचनिकॉफने तारामाशाच्या पिल्लात काटा टोचून त्यांचे काम पाहिले, पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. माशाच्या हाडांत मगज नाही. त्या पेशी मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतात. एरोमोनासचे विष त्यांनाही गाठते. विषाचे सात कण मिळून पेशीच्या आवरणात कडे बसवतात. भोक पडते आणि पेशी मरते. समुद्रातल्या माशांच्या एका रोगाची तऱ्हा याहून कपटी. त्यातले एआयपी-५६ हे विष पोर्तुगीज शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पेशीला 'जग' असा निरोप देणारे एक प्रथिन असते. हे विष त्याचेच तुकडे करते. मग पेशी आपणहून मरते."

मला किल्ल्यांच्या गोष्टी आठवल्या. तट शाबूत, दारूगोळा भरलेला. फक्त पहारेकरी तेवढे मारलेले. मग दरवाजा उघडायला कितीसा वेळ!

"औषध?" पोराने विचारले.

"मनाने औषध ओतू नका, जंतू त्यालाही निर्ढावतात. मेलेले मासे रोज काढून दूर पुरा, दाटी कमी करा, ताजे पाणी सोडा. चुना किती टाकायचा ते पाणी तपासून ठरवा. पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ इथे नागपुरातच आहे; उद्या आजारी मासा घेऊन तिथे जा."

पोरगा पेपरला बसला नाही. मीही आग्रह केला नाही. दिवाळीच्या तोंडावर तो परत आला. निम्मे तळे वाचले होते.

"आणि निम्मे?" सौभाग्यवतींनी विचारले.

"ते गेले, काकू. पण पुढल्या साली बियाणे कमी सोडू."

तिने फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवले. मी मात्र मनात म्हटले, या एका वाक्यावर पोरगा माझ्याकडून पास!