प्रतिलिपींतील गळालेलें पान

मूळ पोथी एक, आणि तीवरून उतरून ठेविलेली प्रत दुसरी, ही आपल्याकडील जुनी रीत. बँका व कचेऱ्या आपल्या डेटाबेसचीही अशीच प्रतिलिपी दुसऱ्या यंत्रावर ठेवितात. ज्यांच्या घरचीं मुलें-सुना रात्रीं-अपरात्रीं या कामांत गुंतलेलीं असतात, त्यांस या दुखण्याचें निदान कळावें, म्हणून आम्हीं हा विषय घेतला आहे.

पोस्टग्रेस नांवाच्या प्रणालींत प्रत्येक फेरफार प्रथम एका रोजकीर्दींत लिहिला जातो. तिचीं बहुधा १६ मेगाबाइटांचीं पानें असतात. भरलेलें पान दप्तरांत जातें, आणि प्रतिलिपी तें तेथून आणून क्रमानें आपल्यांत उतरविते. पान न सांपडल्यास ती तक्रार नोंदविते, आणि नवशिके येथेंच घाबरतात. वस्तुतः मागितलेलें पान दप्तरांतील शेवटच्या पानाच्याही पुढचें असेल, तर भिण्याचें कारण नाहीं. जें अद्याप भरलेंच नाहीं तें सांपडावें कसें?

परंतु पुढचीं पानें हजर आणि मधलेंच गैरहजर असेल, तर दुखणें खरें. मधली ऋचा विसरून पुढची म्हणतां येत नाहीं, तशी प्रतिलिपीही तेथेंच अडते. तें पान दुसरीकडे ठेविलें गेलें काय, अपुरें आहे काय, वाचण्याची परवानगी आहे काय, हें पाहावें. पान न पोहोंचतांच ‘पोहोंचलें’ असें सांगणारी आज्ञा सर्वांत घातक. कारण त्या शब्दावर विसंबून मूळ यंत्र आपलें पान काढून टाकतें. मग सबंध नवी प्रत उतरून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत प्रतिलिपी अशीच मागें पडली. हवीं तीं पानें मूळ यंत्रावरून गेलेलीं, आणि दप्तर ठेविलेलेंच नव्हतें. नवी प्रत घेण्याच्या खटपटींत मूळ यंत्रावरचाच संग्रह चुकून पुसला गेला. नित्याच्या बॅकअपची जागा पाहूं जातां ती रिकामी निघाली! सुदैवानें सुमारें ६ तासांपूर्वींची एक नक्कल हातीं होती. मधल्या वेळचें लिखाण मात्र कायमचें गेलें.

तात्पर्य, जें कधीं म्हणून पाहिलें नाहीं, तें पाठ आहे असें कोणीं समजूं नये. महिन्यांतून एकदां तरी दप्तरांतून सबंध संग्रह दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा, असें आमचें सांगणें आहे.