गोदामाचं गेट, भरतीचं मैदान

मानकोली-काल्हेरच्या गोदामांत भिवंडीच्या पोराला हाताला काम मिळतं, तेही घराजवळ. सैन्यासाठी मात्र आधी ऑनलाइन परीक्षा, मग 1.6 किलोमीटरची धाव, वर वैद्यकीय तपासणी.

आणि हाती काय? जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’मध्ये नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिन्याला हातात 21 हजार, शेवटी सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी, पेन्शन नाही. कायम होणार फार तर 25 टक्के. मग घरच्यांनी हिशेब मांडला, तर त्यांच्या देशप्रेमावर शंका कशाला?

साताऱ्याच्या अपशिंगे गावात घरचा फौजीच वाट दाखवतो. यंत्रमागांच्या भिवंडीत ती परंपरा नाही. इथे पालिकेने धावपट्टी आणि परीक्षेची मोफत शिकवणी द्यावी. चार वर्षांनंतरच्या रोजगाराचं दिल्लीने बोलावं.