मेणबत्तीवरच्या पाच जखमा

शनिवारी रात्री चर्चचे सगळे दिवे मालवले गेले. अंगणात विस्तव पेटला. फादरांनी पास्काच्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे आकडे कोरले, क्रुसाच्या आकारात धूपाचे पाच खडे रोवले आणि त्या विस्तवावर ती पेटवली. हे पाच खडे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा: दोन हात, दोन पाय आणि कूस. मरणावरच्या विजयाची ही ज्योत, आणि तिच्या अंगावर जखमा. या आठवड्यात मनात तेच घोळत राहिले.

मयताच्या घरी आपण म्हणतो, आत्मा देवाजवळ गेला. त्यात खोटे काही नाही. पण दर रविवारी आपण ज्या विश्वासाचा अंगीकार करतो, त्यात शरीराच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तोच आपण पटकन ओलांडून पुढे जातो. हिंदू मैत्रिणी विचारतात, म्हणजे पुनर्जन्मच ना? नाही. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून दुसरा घेतो. पुनरुत्थानात देह टाकाऊ ठरत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो: मातीत जाते ते एक, उगवते ते वेगळे, तरी ते त्याच दाण्याचे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू थोमाला आपले व्रणच दाखवतो. देवाने ते पुसून टाकले नाहीत.

कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला मोकळीक दिली, पण राख विखरू नये, पवित्र जागी जपावी, असे 2016 मध्ये सांगितले. काहींना तो जाच वाटला. मला त्यात देहाविषयीची माया दिसते.

ही माया मेल्यावरच का दाखवायची? पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांना जेवू घातले, शिकवले, हाताला काम दिले. अंध मुलींसाठी ब्रेल आले. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. 1922च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. जगाने ज्यांचा हिशेब संपवला होता अशी शरीरे त्यांनी मोलाची मानली. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा केडगावात जास्त कळते.

माझी आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. रोज सकाळी मी त्या धुवायची, पावडर लावायची, कूस बदलायची. लोक कळवळ्याने म्हणत, आता सुटली तर बरे. मलाही कधी कधी तसे वाटले. पण हा देह देवाला हवा आहे, असे मानल्यावर हात आपोआप हलका पडायचा.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्या सरोवराकाठी कोळशाचा विस्तव आहे. त्याआधी प्रमुख याजकाच्या अंगणात अशाच विस्तवाशी शेकत पेत्राने येशूला नाकारले होते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्दही एकच आहे. रात्रभर जाळी टाकून शिष्य रिकामेच राहिले होते. सकाळी येशूच्या सांगण्यावरून उजवीकडे जाळे टाकले आणि ते माशांनी भरले. काठावर येतात तो मासळी भाजलेली, भाकर तयार. पेत्र ओलेत्यानेच विस्तवाजवळ येतो. झाल्या गोष्टीचा जाब येशू विचारत नाही. आधी सगळ्यांना न्याहारीला बोलावतो, आणि व्रण असलेल्या त्याच हातांनी वाढतो.