पट्टीवरचे वॅट आणि बॅटरीतले वॅट: पर्यटन संचालनालयास खुले पत्र

प्रति,
संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: कॅराव्हॅनच्या छतावरील सौर पॅनेलांची अपुरी वीज आणि तिची तपासणी

महोदय,

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि चाकांवर चालणाऱ्या घराला राज्याच्या पर्यटनात रीतसर स्थान मिळाले. असे वाहन कॅराव्हॅन पार्कमध्ये उभे असताना त्याला बाहेरून वीजजोडणी मिळू शकते. परंतु ज्या मोकळेपणासाठी पर्यटक हे वाहन निवडतो तो जोडणी नसलेल्या ठिकाणीच अनुभवास येतो, आणि तेथे दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रीज यांची सारी भिस्त छतावरच्या सौर पॅनेलावर असते. या पॅनेलातून अपेक्षेइतकी वीज मिळत नाही, ही अशा वाहनांबाबतची नेहमीची तक्रार आहे. तिचे खापर बहुधा पॅनेलावर फुटते, आणि पॅनेल बहुधा निर्दोष असते. दोष सूर्य आणि बॅटरी यांच्या दरम्यान कुठेतरी दुसरीकडेच असतो. तपासणीत पॅनेलाच्या पट्टीवरचा वॅटचा आकडा तेवढा वाचला, तर तो दोष हाती लागत नाही. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनांकडून संचालनालयाने या आकड्याऐवजी बॅटरीच्या टर्मिनलपाशी घेतलेल्या प्रत्यक्ष मोजमापाची नोंद मागावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

पट्टीवरचा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश, २५ अंश सेल्सिअस इतके घटांचे तापमान आणि प्रकाशाचा ठरावीक वर्णपट, अशा ‘प्रमाण चाचणी स्थिती’त पॅनेल जितकी शक्ती देते तितकी त्याच्यावर लिहिली जाते; घट म्हणजे पॅनेलाच्या काचेखाली दिसणारा सिलिकॉनचा एकेक चौकोन. सिलिकॉन तापले की त्याचे व्होल्टेज घसरते, आणि २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी कमी होते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छताला लगटून बसवलेल्या पॅनेलाचे घट ६५ अंशांपर्यंत तापले, तर आकाश निरभ्र असूनही जवळजवळ सातवा हिस्सा निव्वळ उष्णतेपायी जातो. ऊन जितके तापदायक तितकी वीज जास्त, ही समजूत येथे उलटी पडते, कारण पॅनेलाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये दोन-तीन बोटे हवा खेळेल इतकी फट ठेवल्यास हे नुकसान घटते. छताला चिकटवायचे लवचिक पॅनेल हलके आणि देखणे असते हे खरे, परंतु ते ही फटच बुजवते, आणि वाकल्यामुळे त्याच्या घटांना गेलेले केसासारखे तडे वरून दिसतही नाहीत.

घरावरची पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून तिरकी बसवतात, वाहनावरची मात्र आडवी राहतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे आडव्या पॅनेलाला थेट प्रकाशाचा तीन-चतुर्थांश भागच मिळतो. मेच्या मध्याला तोच सूर्य डोक्यावर येतो आणि ही तूट उरत नाही. लंडनमध्ये डिसेंबरचा सूर्य जेमतेम १५ अंश वर चढतो, म्हणून पॅनेल तिरके करण्याच्या यंत्रणेवर तिकडच्या पुस्तिकांचा इतका भर असतो. महाराष्ट्रातल्या वाहनमालकाने तो खर्च करण्याआधी पुढील मुद्द्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

तो मुद्दा सावलीचा आहे, आणि बाकी साऱ्या कारणांपेक्षा तो अधिक फसवा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी केलेल्या पारंपरिक पॅनेलात ३६ घट एकापुढे एक अशा साखळीने, म्हणजे एकसरीत, जोडलेले असतात. एकसरीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे सर्वांत कमी प्रकाश मिळालेला घट साऱ्या साखळीचा प्रवाह ठरवतो. हे टाळण्यासाठी पॅनेलात ‘बायपास डायोड’ बसवतात, म्हणजे सावलीत आलेल्या भागाला वळसा घालून प्रवाहाला पुढे जाऊ देणारी एकदिशा वाट. अशा पॅनेलात सहसा दोनच डायोड असतात. त्यामुळे एका घटावर सावली पडली तरी अठरा घटांचा अर्धा भाग वगळला जातो, आणि उरलेल्या अर्ध्याचे व्होल्टेज एकट्याने बॅटरी भरण्यास पुरत नाही. क्षेत्रफळाच्या हिशेबाने नगण्य असलेली सावली अशा रीतीने पॅनेलाचे काम थांबवू शकते. ही सावली पाडणाऱ्या वस्तू वाहनाच्या छतावरच असतात: एसीचे खोके, हवेच्या झरोक्याचे झाकण, सामानाच्या कॅरियरचा दांडा, क्वचित डिश अँटेना. छताची रचना करणारा कारागीर प्रत्येक वस्तूला जागा शोधून देतो, पण सकाळी नऊला आणि दुपारी चारला तिची सावली कुठे पडेल हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही. छतावर दोन-तीन पॅनेले असतील आणि एकावर सावली येणे अटळ असेल, तर ती समांतर जोडल्यास सावलीतले पॅनेल इतरांना फारसे खाली ओढत नाही. त्याबदली प्रवाह वाढतो आणि तारा जाड घ्याव्या लागतात.

उलट दिशेची एक चूक याहूनही जास्त आढळते. बॅटरी भरत आली की चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून भरणीवर नियंत्रण ठेवणारे उपकरण, प्रवाह आपणहून कमी करत नेतो. दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात, २०० वॅटच्या पॅनेलातून १५ वॅट येताना दिसले की पर्यटक भाड्याच्या कंपनीला फोन लावतो. वस्तुतः तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली असते आणि भरल्या रांजणात कोणी पाणी ओतत नाही. म्हणून बॅटरी पुरेशी रिकामी असल्याची, किंवा फ्रीज व पंखा चालू ठेवून भार दिल्याची खात्री केल्याखेरीज घेतलेले कोणतेही मोजमाप ग्राह्य धरू नये. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी याच खुणा दाखवून फसवते: तिच्या पट्ट्यांवर गंधकाम्लाच्या क्षारांचा कठीण थर साचला की ती लवकर भरल्याचे भासवते आणि रात्री दोन तासांत मान टाकते. अशा वेळी नवे पॅनेल घेण्यात पैसे जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते.

कंट्रोलरचे दोन प्रकार बाजारात आहेत. स्वस्त, म्हणजे पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पॅनेलाचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खेचतो. १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देणारे १०० वॅटचे पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीला त्याच्यातून जोडले की सुमारे ७२ वॅटच मिळतात. एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करतो, म्हणून तो महाग असतो. दोहोंतही बॅटरीचा प्रकार नीट निवडावा लागतो, कारण लिथियम बॅटरी आणि शिसे-आम्लाची बॅटरी यांच्या भरणीचे टप्पे सारखे नसतात, आणि बॅटरी बदलताना हे सेटिंग बदलायचे राहून जाते. लडाख किंवा स्पितीकडे जाणाऱ्या वाहनात लिथियम बॅटरीने शून्य अंशाखाली भरणी नाकारली, तर तो बिघाड समजू नये. तिची संरक्षक यंत्रणा तसेच करण्यासाठी असते.

दोषाच्या शोधाचा क्रम मात्र साधा आहे आणि त्याला एक मल्टिमीटर व डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर पुरतो. निरभ्र दिवशी, बारा ते एकच्या दरम्यान, पॅनेलावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण सकाळीच धुऊन घेतलेली असताना, पॅनेल सोडवून त्याचे खुले व्होल्टेज पाहावे; ३६ घटांच्या पॅनेलात ते तापलेल्या अवस्थेत साधारण १९-२० व्होल्ट भरते, आणि त्याच्या निम्मेच आले तर डायोडाचा किंवा आतल्या जोडाचा संशय घ्यावा. मग सर्व पुन्हा जोडून, प्रवाह वाहत असताना, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना आणि शेवटी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यातला फरक हा तारेत हरवलेला भाग असतो: ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून, जाऊन-येऊन १० मीटर अंतरात, २० अँपिअर प्रवाह वाहिला तर जवळजवळ ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि बारा व्होल्टच्या व्यवस्थेत ते सात टक्के ठरतात. याहून मोठा फरक दिसला तर सैल क्रिम्पिंग, गंजलेला लग, तापणारा फ्यूज किंवा पाणी शिरलेला छतावरचा कनेक्टर यांपैकी एक गुन्हेगार निघतो, आणि हात लावून पाहिले तरी तो गरम लागतो. कंट्रोलर सोडवताना आधी पॅनेल व मग बॅटरी, आणि जोडताना आधी बॅटरी, हा नियम पाळला नाही तर तपासणीतच कंट्रोलर जळू शकतो.

यातून संचालनालयाकडे दोन मागण्या निघतात. पहिली एका पानाच्या मापन-पत्रकाची: मोजमापाची तारीख व वेळ, बॅटरीची अवस्था, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंचे व बॅटरीच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज आणि बॅटरीत जाणारा प्रवाह एवढ्या नोंदी वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये, कराव्यात आणि ते पत्रक वाहनात पर्यटकाला दिसेल असे ठेवावे. सौर विजेवर एसी चालेल असे जाहिरातीत सुचवणाऱ्यांना हे पत्रक आपोआप आवरेल, कारण एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट घेतो, आणि २०० वॅटचे पॅनेल चांगल्या दिवसातही अख्ख्या दिवसात जेमतेम तेवढेच देते.

दुसरी मागणी पार्कांच्या आखणीविषयी आहे. कोकण किनाऱ्यावरची सुरूची बने मुक्कामाला रम्य असतात, पण सुरूची विरळ, हलती सावली एकसरीतल्या घटांना दाट सावलीइतकीच जाचक ठरते. सावलीशिवाय उभे केलेले वाहन मात्र दुपारी आतून भट्टी होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि तापणारे ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून वाहनतळाच्या उत्तरेला व पश्चिमेला झाडे ठेवून दक्षिण आणि पूर्व मोकळी सोडल्यास दुपारी तीनपर्यंत पॅनेलावर ऊन राहते आणि त्यानंतर वाहनावर सावली येते. नव्या पार्कांच्या आराखड्यांना मंजुरी देताना नकाशावर उत्तर दिशेच्या बाणासोबत प्रत्येक झाडाची डिसेंबरमधली सकाळी नऊची आणि दुपारी तीनची सावलीही दाखवण्यास सांगावे.

कळावे.