बाजारपेठेतला रस्ता मोकळा, तर श्वासही मोकळा

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये ही दुमजली गोलाकार वास्तू उभी राहिली. मध्यभागी देवीचे मंदिर आणि भोवतीच्या रस्त्यांवर सराफ्यापासून चपलांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंत बाजार. ग्राहक पायी किंवा बैलगाडीने येत, त्या काळाची ही रचना. आज त्याच जागेत दुचाकी, रिक्षा, मालाचे टेम्पो आणि हातगाडे एकमेकांना खेटून उभे असतात. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला उरते ती वाहनांमधली फट.

हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नाही, आरोग्याचाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामागचे वास्तव गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी अपघातात दगावले. रस्ते अपघातातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण जवळपास एक पंचमांश आहे.

गर्दीच्या पेठेत वाहने हळू चालतात, म्हणून धोका कमी असे वाटते. पण तिथला धोका वेगळा आहे. दोन्ही बाजूंना उंच दुकाने असलेल्या अरुंद रस्त्यात हवा खेळती राहत नाही. इंजिन सुरू ठेवून थांबलेल्या वाहनांचा धूर तिथेच साचतो आणि चालणारा माणूस नेमका त्याच उंचीवर श्वास घेतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत लातूरचे नाव आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. आवाजाचेही तसेच. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलची मोजपट्टी साधी नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार हा धूर आणि हे हॉर्न ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त सोसतो.

लातूर आणि नांदेडला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. शिकवण्यांसाठी दोन्ही शहरांत बाहेरगावाहून हजारो मुले-मुली येऊन राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल हवी. ‘नीट’ची तयारी करणाऱ्यांचा दिवस बाकावर आणि अभ्यासिकेत जातो. खोलीपासून शिकवणी, खानावळ, पुस्तकांचे दुकान हे चालणेच अनेकांचा एकमेव व्यायाम. तो धुरातून, वाहने चुकवत करावा लागला, तर मुले रिक्षा धरतात आणि उरलीसुरली हालचालही संपते.

यावर जगाने काढलेला उपाय जुना आहे. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट ही बाजारपेठ नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणून वाहनांना बंद झाली. गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती व्यापाऱ्यांनी व्यक्त केली होती. १९६४ मध्ये प्रयोग कायम झाला. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनासाठी मोकळा करण्यात आला. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये नूतनीकरणानंतर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आली; तरीही दुचाकी घुसतच राहिल्या. फरशी बसवली आणि खांब रोवले की काम झाले, असे नाही. नियम रोज पाळला जातो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. नांदेडमध्ये २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त रस्ते रुंद झाले, पदपथ झाले. पण पदपथ बांधणे वेगळे आणि तो मोकळा ठेवणे वेगळे.

मराठवाड्यात आणखी दोन अटी येतात. पहिली उन्हाची. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. झाडे, मांडव आणि पिण्याचे पाणी नसेल, तर मोकळा रस्ता दुपारी ओसच पडणार. दुसरी पोटाची. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना हुसकावून केलेली मोकळी जागा टिकत नाही आणि न्यायाचीही नसते. मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ, पेठेच्या कडेला वाहनतळ, ज्येष्ठ व अपंगांसाठी छोटी विजेवर चालणारी गाडी आणि रुग्णवाहिकेसाठी सदैव खुली वाट, एवढे आधी ठरले पाहिजे.

सुरुवात १६ही रस्त्यांवर करण्याची गरज नाही. एक रस्ता, आठवड्यातील एक संध्याकाळ आणि आधी-नंतर हवा, आवाज व दुकानांतील विक्री यांची मोजणी, एवढे पुरे. आकडे हाती आले की व्यापारी आणि महापालिका यांच्यातील वाद अंदाजांवर चालणार नाही.