चाकणला गाडी अडकते, भुर्दंड मात्र जुन्नर-आंबेगावच्या गिऱ्हाइकाला

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणला कोंडी झाली की चर्चा होते ती कंपन्यांची आणि कामगारांची. पण त्याच रांगेत खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या किराणा दुकानांचा मालही उभा असतो. त्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डातून साखर, डाळी, तेल भरलेला टेम्पो नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण असा वर येतो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगावला बाह्यवळण झाल्यामुळं पुढचा रस्ता बराच मोकळा झालाय. घोडं अडतं ते चाकणलाच. एमआयडीसीचे कंटेनर, कामगारांच्या बस आणि तळेगाव-शिक्रापूर रस्त्याची वाहतूक तिथं एकत्र येते.

भाडं का वाढतं?

टेम्पोमालकाचं गणित फेऱ्यांवर चालतं. दोन फेऱ्या करणाऱ्या गाडीची एकच फेरी झाली, तरी बँकेचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार तेवढाच राहतो. तो सगळा एका फेरीवर बसतो. रांगेत जळालेलं डिझेल वेगळं. गाडी रात्री पोचली तर हमाल घरी गेलेले असतात, मग माल दुसऱ्या दिवशी उतरतो.

पैसे कुणाच्या खिशातून जातात?

साबण, बिस्किटं, चहाचा पुडा यांच्यावर किंमत छापलेली असते. कायद्यानं त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. त्यामुळं वाढीव भाडं आधी दुकानदाराच्या नफ्यातून जातं. ते भरून काढायला त्याच्या हातात उरतो तो सुटा माल. साखर, डाळ, तांदूळ, शेंगदाणे यांच्यावर छापील किंमत नसते. किलोमागं रुपया-दोन रुपये चढले तर कुणी कारण विचारत नाही. रोजंदारीवर जगणारं घर सुटा मालच जास्त नेतं, म्हणून खरा बोजा त्याच घरावर पडतो.

दुसरा फटका वाड्या-वस्त्यांना. एजन्सीच्या गाडीचा वार आणि लाईन ठरलेली असते. उशीर झाला की बाजारगावं आधी उरकली जातात आणि टोकाची वाडी राहून जाते. तिचा वार मग थेट पुढच्या आठवड्यात येतो.

तोवर काय?

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. पण खांबांवरचा रस्ता उभा राहायला वर्षं जातात आणि काम चालू असताना खालचा रस्ता आणखी अरुंद होतो. रस्त्याकडेला उभे राहणारे कंटेनर हटवणं आणि सेवारस्ते मोकळे ठेवणं, या गोष्टींना एवढी वाट पाहायची गरज नाही. एका गावातल्या चार दुकानदारांनी मिळून रात्रीची एकच गाडी भरली, तरी भाडं वाटलं जाईल.

चाकणची कोंडी हा चाकणकरांचा प्रश्न समजून वरच्या तालुक्यांनी गप्प बसण्यात अर्थ नाही. रोजच्या डाळ-साखरेतून त्याचे पैसे इथलीच माणसं भरतायत. त्यामुळं ही मागणी इथल्या ग्रामसभांमधूनही पुढं जायला हवी.